पलीकडच्याचं घड्याळ

गल्लीत तिला दातवाली म्हणतात. ती डॉक्टर नव्हे. कुणाचा दात तिनं जन्मात उपटलेला नाही. दूरदूरच्या दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे स्कॅन येतात आणि ती कॉम्प्युटरवर त्यांच्या दातांवर बसवायच्या कॅपा घडवते. मग मशीन त्या कापून काढतं. "आमची ही दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावते आणि घरी आली की माझ्या तोंडाला कुलूप लावते," असं तिचा नवरा शेजाऱ्यांना सांगतो. तो बस चालवतो. पहाटे जातो, म्हणून रात्री नऊला घोरायला लागतो.

कामाच्या खोलीत त्या चौघी. दातवाली मुख्य. तिच्याहून जुनी ती थोरली, मग चष्मेवाली, आणि शेवटी धाकटी, जिचं बाळ अजून अंगावर पिणारं. दातवालीचा खोलीत दरारा होता. चुकलं की ती तोंडावर सुनावायची. पण बाहेरच्या कुणी खोलीतल्या एकीलाही बोट लावलं, की ती त्याची सालपटं काढायची.

या चौघी संध्याकाळी कामावरून उठायच्या, तेव्हा समुद्रापार एकाची सकाळ व्हायची. बोली आपलीच, पोटासाठी तिकडे गेलेला. खोलीत त्याचं नाव पडलं पलीकडचा. इकडे अर्धवट राहिलेलं काम तो पुढे न्यायचा. त्याला हे काम शिकवलं दातवालीनंच, रोज जाताना फोनवर निरोप बोलून ठेवत.

"खालची डावी दाढ बघ. कड हिरडीखाली गेलीय, स्कॅनमध्ये दिसत नाही. अंदाजपंचे रेघ ओढू नकोस, डॉक्टरला विचार. आणि त्या पुढच्या दाताच्या गृहस्थाला मुलाखतीला जायचंय म्हणे. त्याचं आधी घे, बिचारा ओठ मिटून किती दिवस काढेल?"

सकाळी येऊन बघावं तर त्याचा निरोप हजर. "ताई, डॉक्टरला विचारलं, तुमचा संशय खरा निघाला. पण तुमची ती वरची दाढ उंच लागत होती हं, घासलीय. शिव्या घालायच्या तर आत्ताच घाला, मी झोपलोय."

ती शिव्या घालायची आणि खूश व्हायची. चुका लपवायच्या नाहीत, अर्धं काम पूर्ण म्हणून ढकलायचं नाही, आणि एकाच्या झोपेत दुसऱ्यानं परस्पर काही ठरवायचं नाही, ही त्या दोघांची रीत. कागदावर कुठेच नव्हती, म्हणून जास्त पक्की वाटायची.

खुपत होतं ते एकच. आठवड्यातून तीनदा सगळ्यांची मिटिंग, आणि ती पलीकडच्याच्या देशात सकाळी नऊला, कारण मोठ्या मॅडमही तिकडच्याच. तिकडे नऊ म्हणजे इकडे रात्रीचे साडेआठ. धाकटीचं बाळ रडून रडून झोपी जायचं. चष्मेवालीचा शिकवणीचा वर्ग बुडायचा. थोरली मिटिंगमध्ये पेंगायची आणि तिकडच्यांना वाटायचं बाई मान डोलावतेय. दातवाली आणि तिचा नवरा तर एका घरात दोन देश करून राहत होते. तिची मिटिंग संपेस्तोवर हा आडवा.

"तुझ्या मॅडमला सांग," तो एकदा म्हणाला, "नवरा जागा असलेला बघायचाय, अर्धा दिवस रजा द्या."

ती हसली, पण डोक्यात ठिणगी पडली. तिनं मॅडमना कळवलं: पाळी लावा. एक महिना आमची संध्याकाळ मोडा, एक महिना तुमची पहाट. सगळा भार एकाच बाजूच्या उशीवर का? आधी पलीकडच्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, अगदी रास्त आहे. तुम्ही मांडा, मी लगेच पाठिंबा देतो." मग तिनं खोलीत शब्द दिला. "बायांनो, या महिन्यात हा जाच संपला म्हणून समजा." धाकटीनं तर तिच्या गळ्यात हात टाकले.

मॅडमनी तिघांचीच मिटिंग लावली: त्या, पलीकडचा आणि दातवाली. सोमवारी, नेहमीच्या वेळी.

आता एक भानगड. पलीकडच्याच्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. ऊन वाढलं की तासभर पुढे, घटलं की मागे. इकडे असलं काही नाही. तिकडे काटे पुढे गेले की त्यांचे नऊ इकडे साडेआठऐवजी साडेसातलाच वाजतात. दरवेळी आदल्या आठवड्यात त्याचा निरोप यायचा, "ताई, रविवारपासून आमचं घड्याळ पळणार." तिनं ते स्वतः कधी बघून ठेवलंच नाही. नवरा म्हणायचा, फोनला विचार की. ती म्हणायची, माणूस असताना फोनला कशाला विचारू?

त्या रविवारी तिकडे घड्याळं पुढे सरकली. निरोप आला नाही.

सोमवारी ती घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली, केस विंचरून, मुद्दे पाठ करून. नवऱ्याला बजावलं, भांडं वाजवायचं नाही. साडेआठ वाजले. पडद्यावर तिचाच चेहरा, दुसरं चिटपाखरू नाही. पलीकडच्याला फोन लावला, उचलला नाही. थोड्या वेळानं त्याच्या दोन ओळी आल्या: मॅडमना घाई होती, उरकलं सगळं, उद्या बोलू.

सकाळी खोलीत ती पोचायच्या आत मॅडमचा संदेश सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. मिटिंगची वेळ आहे तीच कायम. ताईंनाही संध्याकाळच सोयीची पडते, असं समजलं.

कुणी मान वर करेना. शेवटी थोरलीनं चष्मेवालीला विचारलं, दातवालीला ऐकू जाईल अशा बेतानं, "का गं, आपल्याकडची संध्याकाळ कुणी विकायला काढली होती का?"

दातवाली तशीच जिन्यात गेली आणि मॅडमना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, तरी त्यांनी उचलला.

"अहो, तुम्ही येणार नाही, आहे तेच बरं आहे, असा निरोप दिलात ना? त्यांनीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

तिनं फोन ठेवला आणि पलीकडच्याला लावला. यावेळी त्यानं उचलला.

"घड्याळ सरकलं ते का नाही सांगितलंस?"

"राहून गेलं, ताई."

"आणि माझ्या तोंडचा निरोप? तोही राहून गेला आणि आपसूक मॅडमकडे चालत गेला?"

मग म्हणाला, "पहाटे बायको कामावर जाते, ताई. पोरीचं सगळं मीच करतो. पहाटेची मिटिंग मला झेपली नसती."

"मग नाही म्हणायचंस!"

"तुम्हाला तोंडावर नाही म्हणायचं? तुम्ही फाडून खाल्लं असतं."

"खाल्लं असतं!" ती ओरडली, जिन्यातून जाणारा चहावाला भिंतीला चिकटला. "भांडले असते, चार दिवस बोलले नसते, मग तुझ्या पोरीची वेळ सांभाळून मार्ग काढला असता. तू मला तासभर मागे ठेवलंस आणि माझ्या नावानं होकार देऊन मोकळा झालास. मी तुला भाऊ मानत होते रे."

तो "ताई, ताई" करत राहिला. तिनं बंद केलं.

खोलीत येऊन तिनं सगळं सांगितलं, काही न वगळता. धाकटीचे डोळे भरले. थोरलीचे नाही.

"त्यानं तुला फसवलं, कबूल," थोरली म्हणाली. "पण आमच्या वेळेचं बोलायला तू एकटी निघालीस. आम्हाला बरोबर घ्यावंसं वाटलं नाही. भरवसा कुणावर, तर पडद्यातल्या माणसावर."

दातवालीनं खुर्ची ओढली आणि थोरलीसमोर बसली. मग म्हणाली, "पुढच्या मिटिंगला तूच बोल."

पुढच्या मिटिंगला चौघी एकाच कॅमेऱ्यासमोर दाटीवाटीनं बसल्या, धाकटीच्या मांडीवर बाळ. थोरली बोलली. ती या जन्मात त्या मिटिंगमध्ये पहिल्यांदा बोलत होती. "मॅडम, ताईंना संध्याकाळ सोयीची पडते हे खोटं आहे. त्यांनी असं म्हटलेलं नाही, आम्हीही नाही. पाळी लावा. आणि तिकडे ज्याला पहाट जमत नसेल, त्यानं आमच्यासारखं समोर बसून तसं सांगावं."

पलीकडच्याच्या मागच्या भिंतीवर सकाळचं ऊन पडलं होतं. दातवाली त्याच्याकडे बघत होती. आता तरी बोलेल. म्हणेल, चुकलं माझं. म्हणेल, घरी पोर आहे. आत्ता म्हणाला असता, तर तिनं चौघींच्या समोर त्याची बाजू घेतली असती.

मॅडमनी कपाळ चोळलं. "ठीक आहे. पुढच्या महिन्यापासून पाळी. कुणाची काही अडचण?"

"नाही, नाही," तो घाईनं म्हणाला. "माझंही पहिल्यापासून हेच मत होतं."

चष्मेवाली फसकन हसली. थोरलीनं तिला कोपर मारलं. मॅडम पुढच्या विषयावर गेल्यासुद्धा. जिंकल्या होत्या चौघी. धाकटी टेबलाखाली दातवालीचा हात दाबत होती.

दातवालीनं हात दाबू दिला. तिची नजर पडद्यावरून हलली नाही. तो कुणाकडेच बघत नव्हता, नुसता हसत होता. दात सुरेख होते त्याचे. इतक्या वर्षांत तिनं ते कधी नीट बघितलेच नव्हते.