निंबाच्या पाण्याचा बाप्तिस्मा आणि बिशपसाहेबांची भेट

सगळ्यात आधी आली ती नाल्यापलीकडची अॅग्नेसबाई. उजाडलं नाही तोच आमच्या बैलांच्या रेंगीत चढून बसली अन् म्हणते कशी, "काहो मार्थाबाई, नातीचा बाप्तिस्मा निंबाच्या पाण्यानं केला म्हणते तुम्ही? तो चालते का?"

तेच बिशपसाहेबांना विचारायला तर पांढरकवड्याला निघालो होतो! पोर झाली ऐन पावसाळ्यात, तिसऱ्या दिवशी निळी पडली. नाल्याला पूर, फादर पलीकडे अडकलेले. चुलीवर तिच्या अंघोळीचं निंबपाला घातलेलं पाणी होतं, तेच कोमट करून मी तिच्या डोक्यावर ओतलं आणि येत होते ते शब्द म्हटले. पोर जगली. पण सून दूध पाजताना रोज विचारायची, "आई, देवानं हिले ओळखलं असन ना?"

वाट कपाशीतून. धुकं इतकं, की बैलांची शिंगंच तेवढी पुढं तरंगत होती. वस्त्या दिसतच नव्हत्या, नुसता धूर. वाटलं, जमीन खाली राहिली आणि आपण कुठं भलतीकडेच चाललो. मोठ्या सडकेवर ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा भानावर आले. तिथून पांढरकवड्यापर्यंत एस.टी. कोणी जाणार असाल तर भाकर-ठेचा घरूनच न्या, तिथला चहा म्हणजे गरम पाणी.

आंब्याखाली मांडव होता. बिशपसाहेब धिप्पाड असतील असं वाटलं होतं; निघाले माझ्याएवढेच, चपलांवर धूळ. त्यांचं बोलणं फादर मराठीत सांगत. माझी हकीकत ऐकून त्यांनी विचारलं,

"पाणी फार हिरवं होतं का?"

"थोडंसं, साहेब. पण कडू लय!"

"चाखलं होतं?"

"मंग! लेकराले लावाचं, तं चाखल्याबिगर कसं लावाचं जी?"

मांडव हसला, तेही हसले. मग पोरीला जवळ घेऊन स्वच्छ पाणी ओतलं, पण आधी म्हणाले, "हिचा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तो आता देतो." माझं खोटं पाडलं नाही, अन् शंकाही ठेवली नाही. सून पदरात तोंड घालून रडली.

मग म्हणाले, त्यांच्या मुलखात समुद्रात बेटं आहेत. बेटागणिक फादर ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक बेटावर प्रार्थना चालवायला एक जाणता माणूस, आणि अडल्या वेळी बाप्तिस्मा द्यायला एक बाई. पावसाळ्यात तुमच्या नाल्याकाठच्या पाच वस्त्या बेटंच की! आमच्या वस्तीसाठी त्यांनी मलाच नेमलं. परतीच्या वाटेत अॅग्नेसबाईनं माझी पिशवी आपणहून उचलली.

घरी आल्यावर सून गाढ झोपली, पोरही झोपली. मी मात्र जागीच, आनंदानं. पुढच्या वेळी पाणी साधंच घ्यायचं, हे घोकत. बिशपसाहेब आणि फादर आमच्या वस्तीवर यायचे आहेत, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या ऐतवारी.