मालनबाईची पहिली पाटी

मालनबाईला जगात काय हवं होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं मोठी मागणी केली नसती. नाताळच्या आधी लष्करी मेसच्या दारात लाल भेदरांची पहिली पाटी तिची उतरावी आणि तिथल्या कारकुनानं, शामकांतरावांनी, चार बायकांदेखत तिचं नाव घ्यावं, एवढंच. टोमॅटोला तेव्हा भिंगारच्या मळ्यांत भेदरंच म्हणत. लढाईच्या आधीपासूनच नगरची छावणी गोऱ्यांनी भरलेली असे आणि साहेबलोकांना ऐन थंडीत लाल भेदरं लागत. मार्गशीर्षाच्या गारठ्यात फुलं गळतात, धरलेलं फळ महिनाभर हिरवंच लटकतं. तरी सहा वर्षं पहिली पाटी मालनबाईचीच होती.

मग वाटण्या झाल्या, धाकटी जाऊ बनुबाई विहिरीच्या पलीकडच्या तुकड्यात भेदरं लावू लागली आणि तिसऱ्या वर्षापासून पहिली पाटी तिची जाऊ लागली.

मालनबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. बनुबाई दिसायला बेताची, बोलायला त्याहून बेताची. वाफ्यात उतरली की तासन्‌तास एकेका झाडापुढं बसून राहायची. हिला काम म्हणायचं का, असं मालनबाई नवऱ्याला विचारी. गहिनीनाथ म्हणे, “तिची पिकत्यात न्हवं?” आणि त्या दिवशी त्याच्या भाकरीवर कालवण पडत नसे.

पण मालनबाई नुसती जळत बसणारी नव्हती. तिनं बनुबाईचं सगळं उचललं. बनुबाईनं रोपं दगडी बांधाच्या उन्हाकडच्या अंगाला लावली, हिनंही लावली. बनुबाईनं तुरकाट्यांचा आडोसा केला, हिनं दुप्पट केला. तिथं पहाटे विहिरीचं ऊनऊन पाणी दिलं जाई, इथंही मोट लवकर धरली जाऊ लागली. एवढं करून हिची भेदरं पलीकडच्यापेक्षा पंधरा दिवस मागं, आणि दर साली आणखी एखाद-दोन दिवस मागं. एकच गोष्ट तिला उचलता आली नाही. बनुबाई काही झाडांना चिंध्या बांधी.

“करणी करतीया,” मालनबाई म्हणाली, आणि ते चार घरी सांगूनही आली.

चव्वेचाळीस सालच्या थंडीनं तर कहर केला. एका पहाटे पाटातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. मालनबाईचा अर्धा वाफा काळा पडला. बनुबाईचा तर सगळाच पडल्यासारखा दिसला, तेव्हा मालनबाईला कितीतरी दिवसांनी भाकरी गोड लागली. पण आठ दिवसांनी पाहते तर चिंध्या बांधलेली तीन झाडं पलीकडं तशीच हिरवीगार, आणि त्यांच्यावर फळं लाल व्हायला लागलेली.

त्याच आठवड्यात बनुबाईला काष्टीला भाच्याच्या बारशाला जायचं होतं. जाताना ती मुद्दाम मालनबाईकडं आली.

“बाई, दोन दिस माझ्या वाफ्याकडं ध्यान ठेवा. त्या तीन झाडांस्नी कुणाचा हात लागू देऊ नका.”

“जा तू बिनघोर,” मालनबाई म्हणाली.

तिनं ध्यान ठेवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बांधावर कुणी नाहीसं बघून तिनं त्या तिन्ही झाडांवरचं फळ न् फळ तोडलं. नुसतं तोडलं असतं तर चोरी दिसली असती. म्हणून तिनं झाडं मुळासकट उपटली, भोवतीची माती उकरली आणि डुकरं शिरल्यासारखं करून ठेवलं. हात धुताना तिला जराही वाईट वाटलं नाही, हे खरं ते सांगितलं पाहिजे. तिला वाटलं, आता झालं बरोबर.

मेसच्या दारात शामकांतराव म्हणाले, “यंदा पुन्हा मालनबाई. या थंडीत कमाल केलीत.” चार बायकांनी ते ऐकलं. मालनबाई घरी आली ती हवेतच.

बनुबाई परतली, उकरलेल्या मातीपाशी बराच वेळ बसली. डुकरांची हकिगत तिनं ऐकून घेतली आणि घरी गेली. ती भांडायला येईल म्हणून मालनबाईनं उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

श्रावण सरत आला, रोपं टाकायचे दिवस जवळ आले, तेव्हा बनुबाई आली. उंबऱ्याशी टेकली.

“बाई, बी द्या थोडं.”

“कसलं बी?”

“त्या तीन झाडांचं.”

“तुझी झाडं डुकरांनी...”

“असू द्या,” बनुबाई म्हणाली. “माझी फळं मी वळखत न्हाई व्हय? काष्टीवरनं येताना मेसच्या पडवीत पाटी बघितली मी. नाव तुमचं झालं, झालं. पन बी हाय न्हवं?”

मालनबाई सूप ओढून धान्य पाखडायला लागली.

“सहा वर्सं मी पयलं फळ कंदी इकलं न्हाई, मेसला धाडली ती मागनं पिकल्याली. थंडीत आधी पिकंल त्या झाडाला चिंधी बांधायची, त्याचं सारं बी धरायचं. दुसरं काय बी केलं न्हाई मी. गेल्या थंडीत तीनच झाडं तगली. मागलं बी समदं वाफ्यात गेलं. न्हेली तर न्हेली. वाटलं, बाई जाणत्या हायती, बी तर धरतीलच.”

मालनबाईनं आयुष्यात पहिलं फळ कधी घरात ठेवलं नव्हतं. पहिली सगळी मेसला. बी धरायचं ते हंगामाच्या शेवटी, कुणी घेईना अशा सुरकुतल्या फळांचं. आपली भेदरं दर साली मागं का पडत गेली, ते तिला त्या उंबऱ्यावर कळलं.

“सायबांनी खाल्ली समदी,” ती कशीबशी म्हणाली.

बनुबाई रडली नाही. भिंतीला बी घालून थापलेली शेणकुटं होती, त्यांतलं एक मालनबाईनं काढून पुढं केलं. ते शेवटच्या फळांचं बी होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. बनुबाईनं ते घेतलं, कारण पेरायला दुसरं काहीच नव्हतं.

त्या नाताळला दोघींच्या वाफ्यांत भेदरं हिरवीच होती. मालनबाई रोज बांधावर जाऊन पलीकडं बघे, आणि जळायलाही तिथं आता काही उरलं नव्हतं.