शिवलिंगप्पा जमादार

शिवलिंगप्पा जमादार कचेरीत आले की आधी आमच्या चहाचा वास घेत. "दूध कालचं हाय," म्हणत, आणि ते खरंच कालचं असे. मी सोलापूरच्या आबकारी कचेरीत नवा कारकून होतो. दारूच्या थेंबालाही न शिवलेला हा अक्कलकोटकडचा माणूस शहरातल्या प्रत्येक गुत्त्यात जाऊन रिकामा पेला नाकाशी धरी. मला सांगत, "सरकारी दारू माणसाला हळू मारती, चोरटी झटक्यात. आपली नोकरी हळूवाल्यांच्या बाजूची हाय, नोडप्पा, बघ बाबा!" हे सांगताना ते हसत नसत.

एका पगाराच्या दिवशी सकाळीच ते पायताणासकट साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, गिरणीपुढच्या गुत्त्यात लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट मिसळलंय. आत्ताच सील करा."

गुत्त्यांचा लिलाव तोंडावर आला होता. टाळं लागलं तर बोली खाली येणार. साहेबांनी मान वर केली नाही. "नमुना पुण्याला पाठवा. अहवाल येऊ दे."

"अहवाल येईस्तवर माणसं थांबतील व्हय? आज पगार हाय की!"

"जमादार, नाकाचा पुरावा चालत नाही."

जमादार तडक गुत्त्यावर गेले आणि उंबऱ्यावर बसले. मी मागोमाग गेलोच. गुत्तेदार बाहेर आला. आवाज अगदी मऊ. "जमादार, तुमची लेक विहिरीवर एकटीच जाती न्हवं? तितला कठडा ढासळलाय. जपायला सांगा तिला."

जमादारांचा चेहरा उतरला. पण ते उठले नाहीत.

भोंगा झाला, गिरणी सुटली. मराठीत, कानडीत, मोडक्या तेलुगूत ते एकेकाला विनवू लागले, "आज नगा पिऊ. घरी जावा." कुणी हसलं, कुणी शिवी दिली. तेवढ्यात साहेबांचा टांगा आला.

"सरकारी मक्त्याच्या आड येतोस?"

जमादारांनी कमरेचा पट्टा सोडून साहेबांपुढे ठेवला. "आता मी सरकारी न्हाय. बसू द्या."

दोन शिपायांनी त्यांना उचलून बाजूला केलं. माणसं आत शिरली.

दुसऱ्या दिवशी विणकरांच्या वस्तीतून एकामागून एक तिरड्या निघाल्या. वाचले त्यांतल्या काहींचे डोळे गेले. गुत्तेदार पकडला गेला, चौकशी झाली. दुकान वेळीच का बंद केलं नाही, हे साहेबांना कुणी विचारलं नाही. कामावर असताना पट्टा टाकला म्हणून जमादार तेवढे बडतर्फ झाले.

लेकीला घेऊन ते गावी निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटायच्या बेतात असताना नरसय्या नावाचा विणकर बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चाचपडत आला. त्याला आता काहीच दिसत नव्हतं.

"जमादार, त्या दिवशी तुमी माझा हात धरला होता," तो म्हणाला. "मीच झटकला की."

जमादार डब्यातून खाली उतरले. त्यांनी नरसय्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि शिट्टी होईपर्यंत सोडला नाही. पुढे माझी नि जमादारांची गाठ कधी पडली नाही.

परतताना गिरणीवरून आलो. त्याच गुत्त्यावर नवी पाटी चढत होती, आणि शिडीखाली काही माणसं दार उघडायची वाट पाहत उभी होती.