अठ्ठावीस इंची ओटा

डिझायनर मुलीनं लॅपटॉप उघडला अन् मला विचारलं, "सर, मॅडमची कामाची पद्धत कशी आहे? आधी काय करतात, काय कुठं ठेवतात?" इथं कानडी मुलखातही मुलगी पुण्याची, अस्खलित मराठी बोलणारी, त्यामुळे प्रश्न कळला नाही असंही म्हणायची सोय नव्हती. बावीस वर्षं बायकोच्या हातचं जेवलो, पण मीठ कोणत्या डब्यात असतं हे मला धड सांगता येईना. बायको शेजारीच बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण तिला बोलता येत नव्हतं.

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं काठीवर आलं, अन् बोलणंही गेलं. समोरच्याचं सगळं समजतं, पण स्वतःला काही सांगायचं असलं की नुसता हुंकार निघतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते कोणी सांगत नाही. स्वयंपाकाला एक बाई येऊन गेली, मग दुसरी. बायको वाटीत बोट बुडवून चाखायची अन् वाटी सरकवून द्यायची. मग काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची, पाय थरथरेपर्यंत. तिला काय हवंय ते मला दिसत होतं. म्हणून येलहंक्याच्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर तोडून नवं करायचं मी ठरवलं. तिला बसून, एका हातानं, पुन्हा रांधता आलं पाहिजे. बस्स, बाकी मला काही नको होतं.

डिझायनरनं स्क्रीनवर राखाडी रंगाची चकचकीत कपाटं दाखवली. गॅस, सिंक अन् फ्रिज यांचा त्रिकोण कसा जुळायला हवा ते समजावलं. मी म्हटलं, ओटा अठ्ठावीस इंच, अन् खाली खुर्ची आत जाईल एवढी मोकळी जागा.

"सर, एवढा खाली? बाकीच्या लाइनशी मॅच नाही होणार. लुक जाईल."

"जाऊ दे नं बाप्पा लुक! लुक काय पोळीसोबत खायचा आहे?"

पोरीनं स्क्रीनवरचा आकडा बदलला. तिची काहीच चूक नव्हती. त्या वर्षात जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत होतो.

ओट्याचं ठरलं, पण वस्तूंचं काय? मी बायकोपुढं कागद धरला. "मसाल्याचा डबा इकडं?" हुंकार. "मग तिकडं?" तोच हुंकार. तिनं डाव्या हातानं पेन घेऊन कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. ती काय आहे ते मला कळेना, तिला सांगता येईना. "अगं, मग नीट दाखव नं!" मी ओरडलो अन् कागद भिरकावला. तिनं कपाळाला हात लावला. मला माझीच शिसारी आली.

तोडगा सुतारानं काढला. बेळगावकडचा माणूस, आमच्याशी मराठीत बोलायचा. म्हणाला, "साहेब, कागदावर अक्कांना कसं कळणार? जमिनीवर काढू की." आम्ही हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला. त्यानं फरशीवर कागदी टेप चिकटवून खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं. हा गॅस, हे सिंक, हा फ्रिज. गॅसपुढं खुर्ची ठेवली अन् म्हणाला, "या अक्का, करा सैपाक."

मला वाटलं, ही चिडणार. पण ती येऊन बसली, क्षणभर टेपच्या रेघांकडं बघितलं, अन् डावा हात पुढं करून गॅस पेटवला. नसलेला गॅस! मग हात लांबवून तेलाची बुधली घेतली. मोहरी घेतली, ती खालून, मांडीच्या उंचीवरून. मी मागं उभा राहून पटापट लिहून घ्यायला लागलो. मोहरी खाली. मीठ गॅसजवळ. चमचे डावीकडं. मोहरी टाकल्यावर तिनं तोंड बाजूला केलं. उडते नं मोहरी, म्हणून! मग चमच्याचं टोक ओठाला लावून वरणाची चव बघितली, नापसंतीनं मान हलवली, अन् आणखी मीठ घातलं. गाऊनला हात पुसला. सुतार दुसरीकडं बघत टेपची गुंडाळी आवरत राहिला. मी बाल्कनीत गेलो अन् भडभडून रडलो. वर्षभरात इतका आनंद मला झाला नव्हता.

त्या यादीप्रमाणंच सगळं झालं. महिन्याभरात ओटा तयार झाला, अन् खरं सांगतो, दिसायलाही देखणा झाला. पहिल्या दिवशी तिनं वरण करायला घेतलं. डाळ मी शिजवून दिली, फोडणी तिची. मी दारात उभा होतो. सगळं हाताशी होतं, कशासाठी तिला वळावंसुद्धा लागलं नाही. तिनं डाळ ओतली, ढवळायला लागली, तशी कढई गोल फिरायला लागली. एका हातानं ढवळलं की कढई फिरणारच. बुधलीपासून चमच्यापर्यंत सगळी मापं आम्ही घेतली, अन् हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. टेपच्या कढईला कुठं फिरायचं असतं?

तिनं मग उजवा हात डाव्या हातानं उचलला अन् कढईला टेकवून ठेवला, कढई अडवायला. ढवळत राहिली. तोंडावर समाधान होतं. मला वास आला, तोवर कातडी भाजली होती. तिला काही जाणवलंच नव्हतं. मी ओरडून हात ओढला, तेव्हा तिनं आधी माझ्याकडं बघितलं अन् मग त्या हाताकडं, तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखं.

कढई गच्च धरून ठेवील असा लोखंडी अडणा मी आणला. रबराची जाळी आणली. "चल नं, एकदा बघ तरी," म्हणून हातापाया पडलो. ती दारातसुद्धा फिरकली नाही. मीच रांधायला लागलो. खुर्चीत बसून मला जमेना, म्हणून उभ्यानं, वाकून. रात्री पाठीला मलम चोळायचो, ती दिसणार नाही अशा बेतानं.

परवा सुतार एका कपाटाची बिजागरी बसवायला आला. मी पोळ्या लाटत होतो. तो थोडा वेळ बघत राहिला अन् म्हणाला, "साहेब, कंबर मोडंल. खाली पाया देऊन ओटा वर उचलू काय? स्वल्प काम आहे. दोन दिवसांत होतंय."

"काही गरज नाही," मी म्हटलं. "हा हिच्यासाठी केला आहे. हात बरा झाला की ती बसणार आहे इथं."

मागं काठी वाजली. ती आत आली होती, कित्येक आठवड्यांनी. माझ्याशेजारी उभी राहिली. काठी ओट्याला टेकवली अन् डावा हात आडवा धरून माझ्या पोटाशी, बेंबीच्या जरा खाली, लावला. मग सुताराकडं बघितलं.

"अगं, नको," मी म्हटलं. "थांबू नं थोडं."

तिनं हात काढला नाही. सुतारानं खिशातून मोजायचा टेप काढला, एक टोक फरशीला लावलं अन् दुसरं तिच्या हातापर्यंत ओढलं.