संशयाचा शेरा

कोल्हापुरात घरी बसून मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस गल्लीच्या हिशेबी बेकारच असतो. समोरच्या काकूंनी तर आईला सरळ विचारलं होतं, "पोराचं कायतरी बघा की, दिवसभर घरातच दिसतोय." हे पोरगं नोकरी करतं, वर दुसऱ्यांना नोकरी द्यायची की नाही हेही ठरवतं, हे काकूंना पटवायचा नाद मी कधीच सोडला.

मुलाखती घेणाऱ्यांत माझं नाव होतं ते चोर पकडण्यात. हल्ली मुलाखत व्हिडिओवर होते, आणि काही बहाद्दर कॅमेऱ्याच्या बाहेर मित्राला बसवून त्याच्याकडून उत्तरं घेतात. नजर जरा इकडंतिकडं गेली की मला वास यायचा. मग मी शेरा लिहायचो, 'खोलीत दुसरी व्यक्ती असल्याचा संशय'. हा शेरा पडला की त्या उमेदवाराला बराच काळ आमचं दार बंद. तो लिहिताना मला, खरं सांगतो, फार बरं वाटायचं.

एका शुक्रवारी एक मुलगी आली, कोल्हापुरातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेली. चला, आपल्या भागातलं कुणीतरी आलं, म्हणून मी खूश. प्रश्न साधा होता. दवाखान्यातल्या पेशंटांना दिलेल्या वेळा एकावर एक कुठं येतात, ते शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. आमच्याकडं नियम असा, की उमेदवारानं डोक्यात चाललेला विचार मोठ्यानं बोलून दाखवायचा.

ही बाई बोलेचना. ओठ हलायचे, आवाज नाही. उजवीकडं बघायची, दोन बोटं वर करायची, मनगट फिरवायची आणि मग खटाखट चार ओळी टाइप करायची. त्याही बरोबर! माझं डोकंच सटकलं. "हात खाली ठेवा आणि इकडं बघा," मी इंग्रजीत दरडावलं. तिनं हात खाली घेतले आणि तिथंच तिची गाडी अडली. वेळ संपेपर्यंत ती नुसती स्क्रीनकडं बघत राहिली. म्हणजे मदतच बंद पडली की! पाच मिनिटांत शेरा लिहून मी मोकळा झालो. आपल्याच भागातली अशी निघाली, याचा राग जास्त होता.

रविवारी इचलकरंजीला मामाकडं जेवायला गेलो. मामाचे यंत्रमाग आहेत. शेडमध्ये शिरलं की त्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मामानं मला बघितलं, पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या कामगाराकडं वळून दोन बोटं वर केली, मनगट फिरवलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. त्यानं मान डोलावली. थोड्या वेळात दोन चहा आले, त्यातला मामाचा बिनसाखरेचा. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट. पण त्या दिवशी मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "मामा, हे हातानं बोलणं घरीबी चालतं का?"

"तर! आमच्यात भाजी वाढ म्हणायलाबी हातच उठतोय. तुझी मामी एकटीच इचार करत बसली तरी तिची बोटं चालूच. का रं?"

"काय न्हाय," मी म्हणालो. मामीच्या हातचं मटण मी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

सोमवारी दुपारी निवड समितीची बैठक होती. तिचं नाव आलं तेव्हा मी म्हणालो, "मी जे बघितलं ते खरं आहे, पण त्याचा लावलेला अर्थ बहुतेक चुकलाय." चोर पकडणाऱ्यानंच असं म्हटल्यावर सगळे सावरून बसले. बंगळुरूच्या आमच्या वरिष्ठांनी पुरावा मागितला. माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त मामा होता. मी मामाची सगळी गोष्ट सांगितली, लोक हसले, माझे कान तापले. पण तिला आणखी एक संधी मिळाली. अट एवढीच, की वरिष्ठ स्वतः हजर राहणार.

दुसऱ्या मुलाखतीला ती आली ती हात मांडीखाली दाबून. कालपरवा आपण एका माणसाची अशी गत केली, याची मला लाज वाटली. कंपनीची इंग्रजी बाजूला ठेवून मी मराठीतच विचारलं, "घरी माग आहेत का?"

"आहेत सर. घराखालीच शेड आहे." ती घाबरून म्हणाली, "का?"

"मागच्या वेळी माझी चूक झाली. हात मोकळे सोडा."

तिनं हात काढले. नवा प्रश्न होता, जास्त अवघड. बोटं चालली, ओठ हलले, अर्ध्या तासात उत्तर तयार. मग वरिष्ठांनी विचारल्यावर तिनं एकेक पायरी तोंडानंही नीट समजावून सांगितली. ती निवडली गेली.

त्या संध्याकाळी मी माझे जुने शेरे उघडून बसलो. तोच शेरा मी तिच्याआधी अकरा जणांवर मारला होता. त्यांतले चोर किती होते, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं, तुमच्या घरी काय चालतं.