डावीकडे ओढणारी सायकल

खांदा कॉलनीतल्या एका काकांकडून मी जुनी गिअरची सायकल स्वस्तात घेतली. मुलाची होती, एवढंच ते म्हणाले. हॉलमधल्या त्याच्या फोटोला चंदनाचा हार होता, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही. काकू तेव्हा घरी नव्हत्या.

सायकल म्हणजे निव्वळ भंगार. गिअर मनाला येईल तेव्हा पडायचा, हँडल सारखं डावीकडे ओढायचं. पण महागड्या सायकलींवर मिरवणाऱ्यांना शिरढोणच्या रस्त्यावर मागे टाकताना काय मजा यायची! सीट तर माझ्याच मापाची निघाली.

पहाटेचा माझा रस्ता काकांच्या गेटवरूनच जायचा. तिथल्या स्पीडब्रेकरवर सैल घंटी आपोआप वाजायची आणि पहिल्या मजल्यावर गॅलरीतला दिवा लागायचा. रोज. वैतागून मी घंटी आवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल.

काल दिव्यापाठोपाठ काकूच बाहेर आल्या. "किती उशीर केलास रे! चहा टाकलाय, ये वर."

मागे काका उभे होते. ते त्यांना समजावून आत नेतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मी हँडल उजवीकडे दाबून धरलं. तरी सायकल डावीकडे, गेटात वळली.