उरलेल्या मुदतीचे मामा

"आधी ह्ये उतरू दे रं, मग बोलू."

मामांच्या दारात तुम्ही लग्नाची पत्रिका घेऊन जा, नाहीतर गल्लीत आग लागल्याची बातमी घेऊन जा, मागावरून मान वर न करता ते हेच म्हणायचे. 'हे' म्हणजे मागावरची साडी. ती विणून उतरेपर्यंत जगानं थांबायचं. आणि खरं सांगतो, जग थांबायचंही. बोलताना त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत असायचा, तुटलेला दोरा पिळून जोडताना घासतात तसा. बोटांत दोरा असो वा नसो.

बेळगावला लागून असलेल्या शहापुरात एका अरुंद गल्लीत माझा छापखाना आणि बरोबर समोर मामांचं घर. आजूबाजूला यंत्रमाग, दिवसभर कान किटवणारे. त्या गोंगाटात मामांचा एकट्याचा हातमाग. पावडी दाबली, धोटा फेकला, फणी ठोकली. घाई नाही. तीस वर्षं तो आवाज ऐकत मी लोकांच्या पत्रिका छापल्या. ते सगळ्यांचेच मामा होते. त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरले असलेले देवळातले पुजारीही त्यांना मामाच म्हणत.

आमच्याकडच्या विणकरांत एक रीत आहे, ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साडी अर्धी असताना विणकर गेला, तर ती कापून काढत नाहीत. दुसरा कुणीतरी त्याच मागावर बसून ती पुरी करतो. पण साडीला नाव लागतं ते गेलेल्याचं. पुरी करणाऱ्यानं 'मी विणली' असं चुकूनही म्हणायचं नाही. म्हणेल त्याला गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या मागावर अर्धी साडी होती. आप्पा म्हणजे आमच्या विणकर सोसायटीचे संचालक. त्यांची मुदतही अजून दोन वर्षं उरली होती. त्यांचा थोरला मुलगा माग सोडून मोबाईलच्या दुकानात बसायचा. तेव्हा साडी मामांनी पुरी केली. कमिटीनं विचार केला, साडी ह्यांनी पुरी केली तर मुदतही ह्यांनाच पुरी करू द्या. निवडणूक नाही, काही नाही. एक ठराव झाला आणि मामा संचालक झाले.

मी हार घेऊन गेलो तर म्हणाले, "मला कशाला हार? मुदत आप्पांची हाय. मी नुसती उतरवणार."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. छे! माणूस अक्षरशः तसाच वागला.

कांड्या भरणाऱ्या बायकांना विणकर म्हणून कुणी मोजतच नव्हतं. जन्मभर विणकरांसाठी सूत कांड्यांवर भरायचं, आणि विणकर कार्ड मागितलं की 'तुम्ही कुठं विणता?' कार्ड असलं तर दवाखाना मिळतो, सोसायटीचं सभासद होता येतं, मत देता येतं. मामांनी बायकांच्या कार्डांसाठी अर्ज कानडीत लिहून घेतला, खाली सही केली आणि सरकारी कचेरीत खेपा सुरू केल्या. कारकून म्हणायचा, "नाळे बन्नी," उद्या या. मामा म्हणायचे, "बर्तीनि," येतो, आणि हा गृहस्थ खरंच दुसऱ्या दिवशी हजर! आठ महिन्यांनी कारकूनच दमला. चाळीसेक बायकांना कार्डं मिळाली.

बायका पाया पडायला आल्या तर मामा म्हणाले, "माझ्या न्हाय गं, आप्पांच्या फोटोला पडा. त्येंचंच राहिलेलं काम. मी नुसता आणायला गेलतो."

बायका खरंच आप्पांच्या घरी जाऊन फोटोला हार घालून आल्या. मी कपाळावर हात मारला.

दोन वर्षं सरली आणि पाच वर्षांच्या पूर्ण मुदतीची निवडणूक लागली. मामा त्या दिवशी माग थांबवून छापखान्यात आले. हे आक्रीतच.

"आता माझा ताणा, माझी मुदत," ते म्हणाले. "मी उभा ऱ्हाणार. आन् निवडून येणार."

"एवढी खात्री?"

"न यायला काय झालं?"

पाच वर्षं त्यांना एकाच कामासाठी हवी होती. सोसायटीच्या रिकाम्या गोदामात चार हातमाग मांडायचे आणि नव्या पोरापोरींना शिकवायचं. हातमागावर बसणारा पन्नाशीच्या आतला एकही माणूस आमच्या भागात उरला नव्हता. "मी गेलो की ह्यो आवाज बंद," ते मागाकडे बोट दाखवून म्हणाले. तेवढं एकच वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

मी उत्साहानं त्यांचं पत्रक लिहायला घेतलं. दोन वर्षांत त्यांनी केलेलं सगळं मांडलं: कांडीवाल्या बायकांची कार्डं, सोसायटीत सूत घ्यायच्या रांगेवर पत्र्याची सावली, चांगल्या रंगाचं सूत. मामांनी माझा पेन घेतला आणि एकेका ओळीवर काट मारत गेले.

"ही आप्पांच्या मुदतीतली. ही बी आप्पांची. ही तर आप्पांचीच."

"अहो, पण केली कुणी? आप्पांनी स्वर्गातून?"

"साडी ज्येची त्येची रं."

पत्रकावर उरलं काय, तर त्यांचं नाव, बादली ही निशाणी आणि 'गोदामात हातमाग मांडू' ही एक ओळ. मी चिडून म्हटलं, "ह्यापेक्षा कोरा कागद वाटा की!" ते हसले. कोऱ्या कागदावरही आपण निवडून येऊ, असा त्यांचा चेहरा होता.

दोन दिवसांनी आप्पांचा मुलगा पत्रक छापायला आला. तोही उभा होता. त्याचं पत्रक मी हातात घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. कार्डं, सावली, सूत, तीच यादी, वर आप्पांचा फोटो आणि खाली 'वडिलांचं काम पुढं नेऊ'. पोरगा लबाड नव्हता हो. मामा दोन वर्षं जे सांगत होते तेच त्यानं लिहिलं होतं. मी धावत मामांकडे गेलो. म्हटलं, ह्याला खरं काय ते सांगतो.

"खबरदार! बापाचं नाव घेतोय पोरगं. त्येच्या तोंडातनं काढून घेऊ नगंस."

छापलं मी. दुसरं काय करणार?

मतदान झालं. मोजणीच्या सकाळी मामांनी बेळगावात जाऊन पाच किलो कुंदा आणून ठेवला, निकालाच्या आधीच. मी म्हटलं, जरा थांबा. "शिळा व्हईल व्हय रं लगीच? दुपारी वाटायचाच हाय."

दुपारी अकरा मतांनी पडले.

आम्ही सोसायटीच्या दारात उभे होतो. तेवढ्यात कांड्या भरणारी एक म्हातारी आक्का लगबगीनं आली. तोंडभर हसत म्हणाली, "मामा, आमी समद्या बायकांनी आप्पांच्या पोराला मत दिलं बगा. कार्ड आप्पांनी दिलतं न्हवं का! तुमीच सांगिटलासा. इसरलो न्हाय आमी."

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. मामांनी माझं मनगट असं दाबलं की बोटांचे वळ उठले. तिला म्हणाले, "लई बेस केलीसा गं. कुंदा घ्या."

आणि सगळा कुंदा वाटला, आप्पांच्या मुलाला पहिला. लोकांनी विचारलं, मामा, हरल्यावर कसला कुंदा? म्हणाले, "आप्पांची मुदत उतरली न्हवं का एकदाची? डाग न्हाय, भोक न्हाय." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आजही थोडा आहे.

चार महिने गेले. एके सकाळी आप्पांचा मुलगा छापखान्यात आला. हातात सोसायटीची जुनी फाइल.

"काका, कार्डांचा अर्ज बघा. आप्पा जाऊन दोन महिने झाल्यावरची तारीख हाय. सही मामांची. सावलीचा कागद बी तसाच. मी लोकांना काय सांगत फिरलो? तुमी बोलला न्हाईसा का?"

"माझं तोंड त्यांनी बांधलं होतं. जा, त्यांनाच विचार."

तो समोर गेला. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. तो मागाशेजारी फाइल घेऊन उभा राहिला, काहीतरी बोलला. मामांनी मान वर केली नाही. धोटा इकडून तिकडे गेला.

"आधी ह्ये उतरू दे रं, मग बोलू."

पोरगा तासभर बसला आणि गेला. ती साडी उतरलीच नाही. आठ दिवसांनी मामा दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मागावर साडी अर्धी होती, पदर राहिला होता.

आता पुरी कोण करणार? गल्लीत हातमागावर बसणारं दुसरं कुणी नव्हतंच. पंधरा दिवस समोरचं दार बंद होतं. माझ्या कानांना ते सहन होईना. यंत्रमाग एवढे खडखडत होते, तरी मला गल्ली मुकी वाटायची.

मग एका दुपारी आवाज आला. ठक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्. मी यंत्र बंद करून बाहेर आलो. मामांच्या मागावर आप्पांचा मुलगा बसला होता. लहानपणी बापाजवळ शिकलेलं, पंधरा वर्षांत हात न लावलेलं. दोरा तुटला की जोडायला त्याला पाच मिनिटं लागायची. महिनाभर तो रोज दुकान बंद ठेवून दुपारी यायचा.

पदर संपत आला तेव्हा तो छापखान्यात आला. सोसायटीच्या साड्यांना विणकराच्या नावाची चिठ्ठी लागते, ती मीच छापतो.

"काका, एक चिठ्ठी पायजे."

माझा जुना राग अजून होताच. मी मुद्दाम विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

"कुणाचं म्हंजे? मामांचं. आन् गोदामातलं माग बी त्येंचंच राहिलेलं काम हाय. कमिटीत कालच सांगून आलोय."

मी मामांचं नाव जुळवलं आणि चिठ्ठी छापली. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "बस की लेका. चहा सांगतो, बोलू जरा."

तो उंबऱ्याबाहेर गेलासुद्धा होता.

"आधी ह्ये उतरू दे, काका."

आणि समोर माग सुरू झाला.